मॅन पेज वाचलं होतं, साहेब : एका प्रतिक्रियेला उत्तर

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीच्या डायल-अप सर्व्हरवर, म्हणजे बाहेरनं फोन लाइनवरनं ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरायला ठेवलेल्या लिनक्स मशीनवर, मी लेख लिहिला होता : फोन लागायचा पण आतलं अकाउंटचं मशीन उत्तर देत नव्हतं, ते मास्करेडिंगनं (बाहेरच्याचा पत्ता झाकून सर्व्हरचा लावणं) कसं सोडवलं. त्यावर परवा रात्री एक कमेंट आली, नाव टाकलेलं नाही. ती आधी जशीच्या तशी देतो, म्हणजे मी काही लपवलं असं व्हायला नको :

"लेख रंगवलाय छान, पण चूक आहे. प्रॉक्सीएआरपी टाकलं असतं तर पाच मिनिटात झालं असतं. मॅन पेज न वाचता मास्करेडिंगचा जुगाड केला आणि त्याला ट्रबलशूटिंग म्हणताय. वर त्या काळी आयपीटेबल्स होतं कुठं? आणि रीबूट झाल्यावर आयपी फॉरवर्डिंग परत बंद होतं ते पण सांगितलेलं नाही."

आधी तुमचं जे बरोबर आहे ते. गोष्ट २००० सालची, लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल २.२, आणि त्यात नेटवर्कवरची ये-जा अडवायला, पत्ते बदलायला आयपीचेन्स. त्याच्या जागी आयपीटेबल्स २.४ बरोबर आलं, जानेवारी २००१ मध्ये. हाताला आता आयपीटेबल्सची सवय आहे, टायपताना तेच आलं. चूक माझी, मान्य, दुरुस्त केली.

आता ते मॅन पेज, म्हणजे प्रोग्रामबरोबर येणारी माहितीपुस्तिका. तुम्ही मला ओळखत नाही, मी त्या रात्री काय वाचलं नि काय नाही हे तुम्हाला कुठनं कळलं? पीसीक्वेस्ट मासिकाबरोबर लिनक्सची सीडी यायची त्या काळातला माणूस आहे मी. सर्च मारला की उत्तर पुढ्यात, असलं काही नव्हतं. पीपीपीडीचं, म्हणजे फोन लाइनवर नेटवर्क जोडणाऱ्या (पीपीपी) प्रोग्रामचं, सगळं मॅन पेज मी त्याच फाउंड्रीच्या डॉट मॅट्रिक्सवर, जुन्या चलनांच्या पाठकोऱ्या बाजूवर काढलेलं, मालक म्हणाले रिबन तुझ्या पगारातनं कापतो. त्यातल्या प्रॉक्सीएआरपीच्या (पीपीपीडीचा एक पर्याय, काय ते खाली येतंय) ओळीखाली लाल पेनानं रेघ मारलेली मला अजून आठवते. आणि तुम्ही म्हणणार वाचलं नाही.

प्रॉक्सीएआरपी टाकलेलं होतं. पहिल्याच तासात. लेखात लिहिलं नाही कारण लेख आधीच लांबला होता, पण आता विषय काढलाच आहे तर ऐका. ऑफिसचं नेटवर्क १९२.१६८.१.०, सर्व्हर त्यात १ नंबरला, अकाउंटचं मशीन २० नंबरला. शिरोली एमआयडीसीतनं जो डायल करणार त्याला मी १९२.१६८.२.११ देत होतो. मोडेम उचलतोय, लॉगिन होतंय, पीपीपी उभं राहतंय, सर्व्हरला पिंग ('आहेस का' अशी हाक) जातंय, २० नंबरला मात्र ठणठणपाळ. आयपी फॉरवर्डिंग, म्हणजे एका बाजूचं पॅकेट दुसरीकडं पुढं ढकलणं, चालू केलं तरी तेच. मग दोन खिडक्यात टीसीपीडम्प, म्हणजे येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारा प्रोग्राम, लावला, एक पीपीपी झिरोवर (फोनची बाजू), एक इथ झिरोवर (ऑफिसच्या लॅनची बाजू). रिक्वेस्ट आत येताना दिसत होती, पलीकडनं लॅनवर बाहेर पडतानाही दिसत होती, रिप्लाय मात्र कुठंच नाही. म्हणजे जाणारा रस्ता चालू, परतीचा बंद. रंकाळा स्टँडवरनं जायची बस मिळाली म्हणून यायची मिळतेच असं थोडंच आहे.

आणि लॉगमध्ये काय, तर 'कॅनॉट डिटरमाइन इथरनेट ॲड्रेस फॉर प्रॉक्सी एआरपी'. का? कारण प्रॉक्सीएआरपी म्हणजे लॅनवर कुणी '११ नंबर कोण रे' असं विचारलं की सर्व्हरनं 'मी आहे, दे इकडं' म्हणून आपला इथरनेट पत्ता पुढं करायचा, आणि हे तेव्हाच होतं जेव्हा तो पत्ता सर्व्हरच्या एखाद्या कार्डाच्या सबनेटमध्ये, म्हणजे नंबरांच्या रेंजमध्ये, बसतो. २ ची रेंज कुठल्याच कार्डावर नव्हती, तर पीपीपीडी बिचारा पत्ता देणार कुणाचा? आणि समजा दिला असता, तरी २० नंबरचं मशीन विचारणारच नव्हतं. त्याचा मास्क २५५.२५५.२५५.०, म्हणजे पहिले तीन आकडे सारखे तेच शेजारी, त्याच्या लेखी २.११ हा परगावचा, आणि गेटवेचा रकाना कोरा. परगावचं टपाल टाकायला पेटीच नाही. तिथं एआरपी, म्हणजे तो 'कोण रे'चा सवाल, सुटतच नाही हो, प्रॉक्सी कसली करताय?

हां, डायल करणाऱ्याला १ च्याच रेंजमधला मोकळा नंबर दिला असता आणि मग प्रॉक्सीएआरपी लावलं असतं तर चाललं असतं, कबूल. पण ते तुम्ही लिहिलंय का? 'प्रॉक्सीएआरपी टाकलं असतं तर' एवढंच लिहिलंय. ते मी टाकलं होतं. रेंज वेगळी का ठेवली तर बाहेरनं आलेला माणूस लॉगमध्ये पटकन ओळखू यावा म्हणून, तो माझा निर्णय, त्यावर वेगळं भांडू कधीतरी.

मास्करेडिंगला जुगाड म्हणायचं तर म्हणा. २० नंबरवर एक रूट (परतीचा रस्ता) टाकला असता तरी भागत होतं, पण अकाउंटचं सॉफ्टवेअर देणाऱ्यांचा माणूस इचलकरंजीहून यायचा आणि 'दुसऱ्या कुणी मशीनला हात लावला तर सपोर्ट बंद' असा दम देऊन ठेवलेला. आयपीचेन्सची एक ओळ मारली, २० नंबरला वाटायला लागलं की सर्व्हरच बोलतोय, सर्व्हर शेजारचाच, त्यानं रिप्लाय दिला. रात्रीचे अडीच, बाहेर जुलैचा पाऊस, लाइनवर खरखर, आणि शिरोलीत स्टॉकचा रिपोर्ट उघडला. मालकांनी सकाळी मिसळ खाऊ घातली, रिबनचे पैसे कापले नाहीत. त्यांनी काही जुगाड म्हटलं नाही.

रीबूटचं म्हणाल तर ते कुणालाही माहीत असतं.

चुका दाखवायला ना नाही, दाखवाच. पण 'न वाचता' हा शब्द लावायच्या आधी एकदा विचारायचं तरी राव, की बाबा लावून बघितलं होतंस का. आयपीटेबल्सची दुरुस्ती लेखाखाली तारखेसह टाकलीय. 'एका वाचकाने दाखवून दिल्याप्रमाणे' एवढंच लिहिलंय, कारण नाव तुम्हीच ठेवलं नव्हतं.