इतिहास घडवताय? आधी तारीख बघा

लग्नाला मुहूर्त काढता, गाडी घ्यायला दसऱ्यापर्यंत थांबता आणि इतिहास मात्र हव्या त्या तारखेला घडवायला निघता? असं करू नका. आमच्या सोसायटीतला दिनविशेषाचा फळा मी लिहितो. सुविचाराखाली चार ओळींची जागा उरते. तिथे कोण बसणार, हे कर्तृत्वापेक्षा गर्दीवर ठरतं.

आता १६ एप्रिलच घ्या. म्हणजे घेऊ नका. तो हॉल १८५३ सालीच बुक झालाय. त्या दुपारी ३.३५ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली. १४ डबे, ४०० पाहुणे, २१ तोफांची सलामी आणि ओढायला साहिब, सिंध, सुलतान अशी तीन इंजिनं. शिवाय सगळे बसून आले. आम्हा ठाणेकरांना हे शेवटचं पटणं अवघड आहे.

तरी हॅरिएट क्विंबीबाईंनी १९१२ साली हीच तारीख धरली. विमानातून एकटीनं इंग्लिश खाडी ओलांडणारी पहिली बाई! खाली-वर धुकं, भरवशाला एक होकायंत्र आणि गारठ्यावर उपाय म्हणून कमरेला बांधलेली गरम पाण्याची पिशवी. फ्रान्सच्या वाळूत उतरल्या, तर कौतुकाला कोळी मंडळी धावली. पेपरवाले? ते टायटॅनिकमध्ये गुंतलेले. जहाज आदल्याच पहाटे बुडालं होतं. बाई स्वतः पत्रकार, पण पहिलं पान हुकलं ते हुकलंच. तेव्हा उड्डाणाआधी नुसतं हवामान बघून भागत नाही, बोटींचीही चौकशी करावी.

लेनिन हुशार. १९१७च्या १६ एप्रिलला तो पेट्रोग्राडच्या स्टेशनवर उतरला, पण रशियाच्या जुन्या कालगणनेत तेव्हा ३ एप्रिलच चालू होती. एकच आगमन, दोन तारखा, दोन फळे! शिवजयंती तिथीनं की तारखेनं यावर वर्षानुवर्षं भांडलेल्यांना ही सोय समजवायला नको.

तेही जमलं नाही, तर तीन दिवसांनी पुन्हा करा. स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या प्रयोगशाळेत रसायनशास्त्रज्ञ आल्बर्ट हॉफमन यांच्या अंगात १९४३च्या १६ एप्रिलला एलएसडी हे भास घडवणारं द्रव्य चुकून गेलं. गरगरलं, घरी जाऊन आडवे झाले, मिटल्या डोळ्यांपुढे रंगांची रांगोळी. सोमवारी त्यांनी ते मुद्दाम घेतलं, सायकलवरून घर गाठलं आणि शौकीन आता १९ तारखेला 'सायकल दिन' पाळतात. (अनुकरण फक्त तारखेचं करा.)

जन्मतारीख मात्र हातात नसते. चार्ली चॅप्लिनचा १८८९चा जन्मदाखला आजवर सापडलेला नाही, पण १६ एप्रिलची दुसरी ओळ कायम त्याची.

यंदा मी हट्टानं चौथी ओळ क्विंबीबाईंना दिली. अक्षरही चांगलं आलं होतं. अकरा वाजता सेक्रेटरी खाली आले, फळा वरून खाली न्याहाळला, तळहातानं शेवटची ओळ पुसली आणि लिहिलं : 'उद्या पाणी येणार नाही.'