गिधाडं टॉवरनं मारली नाहीत, मामा

गेल्या आठवड्यात आजोळच्या ग्रुपवर मामानं एक लांबलचक मेसेज टाकला. खाली नेहमीचं 'जास्तीत जास्त शेअर करा'. मजकुराचा सारांश असा: जगातल्या भूवैज्ञानिकांनी मतदान करून 'मानवयुग' फेटाळलं, म्हणजे माणसामुळे पृथ्वी बदलते हे थोतांड ठरलं. एक ज्वालामुखी फुटला की सगळ्या गाड्या-कारखान्यांपेक्षा जास्त कार्बन सोडतो. ९९ टक्के प्रजाती माणूस नव्हता तेव्हाच संपल्या होत्या. आणि आपली गिधाडं मोबाइल टॉवरच्या लहरींनी गेली. जनावरांच्या औषधाची गोष्ट कंपन्यांनी महागडी औषधं खपवायला उठवली.

टॉवर काय माकडांनी उभारले? माणसानं काहीच बिघडवलं नाही म्हणायचं आणि त्याच दमात माणसाच्या टॉवरला दोष द्यायचा! ग्रुपवर मात्र अंगठ्यांची रांग लागली. एरवी मी सोडून दिलं असतं. पण मामाच्या गोठ्यात चार गाई आहेत, म्हणून नाही सोडलं.

मतदान झालं हे खरं. मार्च २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय उपसमितीनं १२ विरुद्ध ४ मतांनी 'अँथ्रोपोसीन' म्हणजे मानवयुग हे नवं युग अधिकृत करायचा प्रस्ताव नाकारला. प्रश्न होता, भूवैज्ञानिक कालगणनेत रेघ मारायची का, आणि मारायची तर १९५२ सालावर मारायची का? कॅनडातल्या क्रॉफर्ड तळ्याच्या गाळात वर्षावर्षाचे थर आहेत आणि त्यांत अणुचाचण्यांतलं प्लुटोनियम सापडतं, ती खूण सुचवली होती. विरोध करणाऱ्यांचं म्हणणं बरोबर उलट होतं: माणसाचा हात शेती आणि जंगलतोडीपासून, म्हणजे हजारो वर्षं मागे जातो, तो सत्तर वर्षांत कोंबू नका. नकार कळवतानाच भूवैज्ञानिकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं सांगितलं, की माणसाच्या परिणामाचं वर्णन करायला हा शब्द पुढेही मोलाचाच राहील. हे वाक्य मेसेजमध्ये नाही. कागदोपत्री आपण आजही होलोसीनच्या, म्हणजे शेवटच्या हिमयुगानंतरच्या युगाच्या, मेघालयन काळात आहोत. ४,२०० वर्षांपूर्वी सुरू झालेल्या या काळाचं नाव आपल्याच मेघालयावरून आलं, कारण त्याची खूण तिथल्या मॉम्लू गुहेत आहे. मेसेज लिहिणाऱ्याला देशाभिमानच मिरवायचा होता, तर हे तरी सांगायचं.

ज्वालामुखींचं एका परिच्छेदात उरकते. जगातले सगळे ज्वालामुखी मिळून वर्षाला जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतात, त्याच्या शंभरपटीहून जास्त आपण सोडतो. हा हिशोब अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याचा आहे, आणि ज्वालामुखींवर नजर ठेवणं हेच त्यांचं काम. ज्वालामुखी हवामान बदलू शकत नाहीत असं मी म्हणत नाही. मामाची जमीन ज्या काळ्या पाषाणावर आहे तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हाच आहे. पण तो साठायला लाखो वर्षं लागली.

९९ टक्के प्रजाती आधीच संपल्या, हेही मान्य. संपल्या त्या कोट्यवधी वर्षांत. आजोबा म्हातारपणानं गेले म्हणून कुणी नातवाला विहिरीत ढकललं तर 'माणसं मरतातच' म्हणाल का? माणूस नगण्य म्हणणाऱ्यांसाठी एकच आकडा: पृथ्वीवरच्या सगळ्या सस्तन प्राण्यांचं एकत्र वजन केलं तर साधारण ६० टक्के आपली पाळीव जनावरं, ३६ टक्के आपण, आणि देवमाशापासून उंदरापर्यंत सगळे वन्य प्राणी मिळून ४ टक्के.

आता गिधाडं. माझं खरं भांडण इथे आहे.

मामा, लहानपणी तूच सांगायचास, ओढ्यापलीकडे मेलेला बैल टाकला की गिधाडांचा थवा उतरायचा आणि बघता बघता हाडं उरायची. तो थवा कधी गेला ते आठव. राजस्थानात भरतपूरच्या अभयारण्यात मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे (बीएनएचएस) विभू प्रकाश घरटी मोजत होते. १९८७-८८ ला पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची ३५३ घरटी होती, १९९६-९७ ला १५० उरली. भारतात पहिला मोबाइल कॉल झाला जुलै १९९५ मध्ये, तोही कोलकात्यातून. वर्ष-दीड वर्षात भरतपूरच्या रानात असे किती टॉवर उभे राहिले होते? आणि आज त्याच टॉवरांवर घारी, कावळे घरटी करतात. लहरी काय फक्त गिधाडं ओळखून मारतात?

मेलेली गिधाडं फाडून पाहिली तेव्हा आतड्या-काळजावर चुन्यासारखा पांढरा थर निघाला. मूत्रपिंडं निकामी होऊन युरिक ॲसिड साचलं होतं. पाकिस्तानात काम करणाऱ्या लिंडसे ओक्स यांच्या गटानं २००४ मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत कारण छापलं: डायक्लोफिनॅक. सांधे, सूज, ताप, कास सुजणं, सगळ्याला दिलं जाणारं वेदनाशामक. असा थर असलेल्या २५ पैकी २५ गिधाडांत ते सापडलं. तसा थर नसलेल्या १३ पैकी एकातही नाही. मग ते औषध दिलेल्या जनावराचं मांस गिधाडांना घालून पाहिलं, त्यांतलीही बरीच तशीच मेली. लहरींवाल्यांनी असं काही एकदा तरी करून दाखवावं. शंभर मेलेल्या जनावरांत एकाच्या अंगात हे औषध असलं तरी पुरतं, कारण त्या एकावर सगळा थवा जेवतो. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीची ९९.९ टक्के गिधाडं गेली.

पुढे काय झालं? मढी पडून राहिली, कुत्री वाढली, पाणी नासलं. ईयल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी जिल्हावार हिशोब मांडला. जिथे पूर्वी गिधाडं भरपूर होती तिथे मृत्युदर चार टक्क्यांहून जास्त वाढला. २००० ते २००५ मध्ये अंदाजे पाच लाख माणसं जास्तीची मेली. कुणाला 'निसर्गप्रेमींची रडगाणी' म्हणायचंय, त्यांनी हा आकडा पुन्हा वाचावा.

आणि महागड्या औषधांचा कट? मेलोक्सिकॅम हे दुसरं वेदनाशामक गिधाडांना चालतं, आणि ते कुणा एका कंपनीचं नाही, अनेक जण बनवतात. पळवाटा काढल्या त्या डायक्लोफिनॅकवाल्यांनी. २००६ मध्ये जनावरांसाठी बंदी आली, तर माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात जाऊ लागल्या. २०१५ मध्ये सरकारला कुपी ३ मिलीची करावी लागली. २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक या वेदनाशामकांवरही जनावरांसाठी बंदी आली, कारण तीही गिधाडांना मारतात.

रात्री फोन केला. "मामा, गोठ्यातल्या फळीवर कुठलं इंजेक्शन आहे?"

"डॉक्टरनं ठेवलंय ते. मी काय नावं वाचत बसू? आणि आता गिधाडं आहेतच कुठे गं, मरायला?"

हे ऐकून एक क्षण मला काही सुचलं नाही. मग म्हटलं, फोटो तर पाठव. अर्ध्या तासानं आला. धुरकट, पण लेबल वाचता येत होतं: केटोप्रोफेन. 'बदलून घे', असं लिहून मेलोक्सिकॅमचं नाव मराठीत पाठवलं. निळ्या खुणा उमटल्या. उत्तर सकाळी आलं: "डॉक्टरला विचारतो. तू ग्रुपवर नको टाकू हे."

मेसेज ग्रुपवर अजून तसाच आहे. त्याखाली हे टाकतेय, फोटो सोडून.