तीळभर टवका

घोडबंदर रोडला राहणाऱ्याच्या बॉनेटवर टवका नसेल, तर गाडी अजून शोरूममध्येच आहे असं खुशाल समजावं. डंपरच्या पाठीवर ‘अंतर ठेवा’ लिहिलेलं असतं. आपण ठेवतो. त्या अंतरात रिक्षा शिरते आणि खडी तरीही आपल्यालाच लागते.

डेंटिंग-पेंटिंगवाला तीळभर टवक्यासाठी अख्खं बॉनेट रंगवायचं म्हणतो. त्याचं चुकत नाही, स्प्रे गनने तीळ रंगवता येत नाही. म्हणून माणूस टचअपच्या रंगाची बाटली आणतो आणि घरातल्यांच्या मते ‘कामातून जातो’.

आधी टवक्याच्या तळाशी काय दिसतंय ते बघावं. करडा प्राइमर, म्हणजे रंगाखालचा अस्तराचा थर, दिसला तर नशीब थोर. चकचकीत पत्रा दिसला तर प्राइमरचा ठिपका हवा. तपकिरी दिसलं तर गंज धरलाय, आणि खाडीच्या दमट हवेत तो रंगाखालून गुपचूप पसरतो. वॉटर पेपरचा (पाण्यात चालणाऱ्या पॉलिश पेपरचा) बारीक गोल तुकडा पेन्सिलच्या खोडरबराला चिकटवून तेवढीच जागा घासावी, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी. पॉलिशचा तेलकट अंश राहिला तर रंग धरतच नाही.

दुकानात ‘पांढरा द्या’ म्हणू नये. रंगाचा कोड सांगावा; तो बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा बॉनेटखाली असतो. सिल्व्हरवाल्यांनी मन घट्ट करावं. धातूची चमकी बाटलीच्या तळाशी बसते, त्यामुळे दोन मिनिटं हलवावीच लागते, आणि इतकं करूनही ठिपका एका कोनातून जुळतो, दुसऱ्या कोनातून चुगली करतो.

झाकणातला ब्रश मुलांना गणपतीच्या मखरासाठी देऊन टाकावा. तो टवक्यापेक्षा जाड असतो. टूथपिकच्या टोकावर थेंब घ्यायचा, मधोमध टेकवायचा, कडेपर्यंत तो आपणहून पसरतो. थिनर उडाला की रंग आक्रसून खाली बसतो, म्हणून तीन-चार पातळ थर, मध्ये वीस-तीस मिनिटं थांबून. अवघड आहे ते हे थांबणं. एकाच थेंबात खड्डा भरायला गेलं की वरून साय धरते, आत ओलं राहतं, आणि टवक्याच्या जागी फोड दिसतो.

वर क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर. मग आठवडाभर हात लावायचा नाही. त्यानंतर २००० नंबरचा वॉटर पेपर साबणाच्या पाण्यात भिजवून उंचवटा तेवढा हलकेच उतरवायचा आणि रबिंग कंपाउंड, म्हणजे घासून चकाकी आणणारी पेस्ट, मारायचं. कंपनीचा क्लिअर कोट साधारण ४०-५० मायक्रॉनचा असतो. आजूबाजूला जोर लावला की तोच निघून जातो आणि तिळाचा रुपयाएवढा डाग होतो.

पावसाळ्यात हे करू नये. थिनर उडताना पृष्ठभाग थंड पडतो, हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि क्लिअर दुधाळ होतो. मे महिन्यात तापलेल्या पत्र्यावर थेंब पसरण्याआधीच वाळतो. उरल्या हिवाळ्यातल्या सकाळी, सावलीतल्या. नेमकी तीच सोसायटीतल्या काकांची फेरी मारायची वेळ. “नेलपॉलिश लाव रे, कशाला एवढं?” नेलपॉलिशचा रंग जुळत नाही, आणि उन्हात पिवळा पडतो. दुसरे काका टूथपेस्ट सुचवतात. तिने बारीक ओरखडा थोडा फिका होतो, टवका भरत नाही. दोघांनाही बाटली हलवायला द्यावी, दोन मिनिटं शांततेत जातात.

बंपरच्या टवक्यांकडे मात्र बेलाशक दुर्लक्ष करावं. प्लॅस्टिकला गंज चढत नाही, आणि रविवारी बुजवलेला टवका सोमवारी स्टेशनजवळच्या पार्किंगमध्ये कुणीतरी परत काढून देतोच.