लेथ कुठे होता, हे कोणाला विचारणार?

राईट बंधूंचं सायकलचं दुकान मी पाहिलं ते त्यांच्या डेटन गावात नाही, तर मिशिगनमधल्या डिअरबॉर्नला, ग्रीनफिल्ड व्हिलेज या खुल्या संग्रहालयात. हेन्री फोर्डने १९३६ साली ती दुमजली विटांची इमारत विकत घेतली, उतरवली आणि इथे आणून पुन्हा उभी केली. १६ एप्रिल १९३८ ला, विल्बरच्या जन्मतारखेला, तिचं लोकार्पण झालं.

माझे वडील आयुष्यभर टर्नर, म्हणजे लेथ या यंत्रावर धातू कातून भाग घडवणारे कामगार. त्यामुळे पुढचं दुकान मी भराभर ओलांडलं आणि मागच्या कामाच्या खोलीत जो थांबलो तो थांबलोच. लेथ, ड्रिल, वर छताशी शाफ्ट आणि त्यावरून खाली उतरलेले पट्टे. एवढ्या सामानावर चार्ली टेलर या मेकॅनिकने १९०३ च्या विमानाचं इंजिन सहा आठवड्यांत बनवलं. क्रँकशाफ्टसाठी, म्हणजे इंजिनातल्या फिरणाऱ्या मुख्य दांड्यासाठी, त्याने पोलादाची जाड पाटी घेतली, तिच्यावर आकार आखला, रेघेवरून ओळीने भोकं पाडली, नको तो भाग छिन्नी-हातोड्याने उडवला आणि मग लेथवर चढवून फिनिश मारला. हे काम किती जिकिरीचं आहे, ते मला वडिलांचे हात पाहून ठाऊक आहे.

वास्तू शक्यतो जागेवरच टिकवावी, असं माझं ठाम मत आहे. डेटनच्या वेस्ट थर्ड स्ट्रीटवरून ते दुकान गेलं ते गेलंच. पण हलवायचीच वेळ आली, तर फोर्डने केलं तसं करावं. त्याने चार्ली टेलरला शोधून काढलं. तो तेव्हा लॉस एंजेलिसमध्ये एका विमान कारखान्यात मशिनिस्ट होता, त्याची ओळखही कोणाला नव्हती. त्याला बोलावून दुकान पूर्वीसारखं लावायच्या कामात घेतलं. ऑर्व्हिलनेही मदत केली. नुसत्या विटा आणल्या असत्या, तर ती खोली मुकीच राहिली असती.

आपल्याकडे कोथरूडचा मस्तानी महाल पुण्याच्या केळकर संग्रहालयात आणून उभारला, म्हणून आज तो पाहता तरी येतो. महालासाठी जे केलं, ते कामगाराच्या वर्कशॉपसाठी का करू नये? आणि करायचं तर आत्ताच, तिथे राबलेले हात अजून आहेत तोवर.

वडिलांचं वर्कशॉप पाडलं तेव्हा लेथ भंगारात किलोवर गेले. वडील हयात होते, घरीच होते. कोणी हातात खडू दिला असता, तर त्यांनी फरशीवर प्रत्येक मशीनची जागा आखून दिली असती.