श्रीदेवीची सासू

आज दुपारी भाचीवर खेकसलो आणि तेव्हापासून चैन नाही. म्हणून लिहितोय. लांबणार आहे, आधीच सांगतो.

टीव्हीवर 'इंग्लिश विंग्लिश' लागला होता. भाची सध्या कुठल्याशा ॲक्टिंग वर्कशॉपला जाते. जेवता जेवता म्हणाली, "मामा, श्रीदेवीची सासू झालेली ही आजी किती गोड आहे ना! हिला जरा मोठे रोल मिळायला हवे होते."

मोठे रोल! माझा घास घशातच अडकला. अगं, त्या सुलभा देशपांडे! 1967 साली 'शांतता! कोर्ट चालू आहे' या नाटकातली नायिका बेणारे उभी केली ती याच 'आजी'नं. नवरा अरविंद देशपांडे दिग्दर्शक, बायको बेणारे, लेखक विजय तेंडुलकर, नाट्यसंस्था 'रंगायन'. आणि 'रंगायन'चं पर्व आटोपत आल्यावर हात झटकून घरी बसले नाहीत हे लोक. 1971 मध्ये अरविंद देशपांडे, सुलभाताई आणि अरुण काकडे यांनी 'आविष्कार' ही नाट्यसंस्था काढली. तीन वर्षांनी दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये नाटकं सुरू झाली. सुलभाताई त्याच शाळेत शिक्षिका होत्या. बाकांवरच्या पोरांसाठी तेंडुलकरांकडून नाटकं लिहून घेणारी बाई.

आता छबिलदास म्हटलं की लोकांना फक्त त्या गल्लीतला वडा आठवतो.

मला मात्र माझं बोट आठवतं. 1985 चा जुलै, मी कॉलेजात. मित्राच्या ग्रुपचा प्रयोग, मी खुर्च्या लावायला. लोखंडी फोल्डिंग खुर्चीत डाव्या हाताचं मधलं बोट चिरडलं. नख काळंनिळं. कुणीतरी रुमाल फाडून बांधला आणि म्हणालं, "आता दुसऱ्या हातानं लाव." बाहेर धो धो पाऊस, गाड्या उशिरा, प्रेक्षक मोजून सतरा. त्यातले चार मध्यंतरात वडा खायला म्हणून खाली उतरले ते परत आलेच नाहीत. तरी प्रयोग शेवटपर्यंत झाला.

आणि नाटक, खरं सांगू? भिकार होतं. कुणालाच काही कळलं नाही, लेखकालासुद्धा नसावं. प्रायोगिकच्या नावाखाली तिथे बरंच असलं खपलं, हे कबूल. पण भिकार नाटक करायलाही जागा लागते हो! पहिलं भिकार झाल्याशिवाय दुसरं बरं होत नाही. देशपांडे दांपत्यानं नेमकी तीच सोय केली. तो हॉल त्यांनी फक्त 'आविष्कार'पुरता ठेवला नाही. दिग्दर्शक सत्यदेव दुबेजी तिथे आले आणि आमच्यासारखी टिनपाट पोरंही आली. स्वतः बेणारे गाजवलेली नटी, आणि खटाटोप कसला, तर दुसऱ्यांचे प्रयोग व्हावेत म्हणून. आज कोण करतं असं? हॉलचं भाडं ऐकूनच पोरं तालमी सोडून रील करायला लागतात. आणि वर्कशॉपवाले तीन दिवसांत 'इमोशन' शिकवतात! फी विचारू नका. तीन दिवसांत आमची खुर्च्यांची रांगसुद्धा सरळ येत नव्हती.

बरं, जागा शाळेची होती, आणि सगळं काही दोघांनीच ओढलं नाही. काकडेकाका नसते तर 'आविष्कार' इतकी वर्षं चालली नसती. तेही मान्य. झालं?

1987 च्या जानेवारीत अरविंद देशपांडे गेले. त्याच वर्षीचा संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार सुलभाताईंना मिळाला. एकाच वर्षात हे दोन्ही. त्या वर्षाचा विचार केला की मला पुढे काही लिहवत नाही. नंतर छबिलदासही सुटलं, बिऱ्हाड माहीमच्या पालिका शाळेत गेलं. तिथेही तेच, खुर्च्या लावा, खुर्च्या उचला. चंद्रशालेची, म्हणजे 'आविष्कार'च्या बालविभागाची मुलं 'दुर्गा झाली गौरी' नाटकात नाचत राहिली. जून 2016 मध्ये सुलभाताई गेल्या, तेव्हा मीही चार ओळींची पोस्ट टाकून ऑफिसला गेलो होतो.

आणि ओरडलो कुणावर, तर एकोणीस वर्षांच्या पोरीवर. तिला कसं माहीत असणार? घरात नाटकवाला म्हणून मिरवतो तो मी. तिला आजवर मी काय सांगितलं? नख दाखवून सतरा प्रेक्षकांचा विनोद, तो मात्र प्रत्येक गणपतीला. खुर्ची कुणाच्या हॉलमधली, हे एकदाही नाही.

तसं पाहिलं तर तिला ती आजी आवडली होती. दोन मिनिटांच्या कामात आवडली होती. नाटकवाल्यानं याहून जास्त काय मागायचं?

आत्ता तिचा मेसेज आलाय. "मामा, ते कोर्ट वाचायला मिळेल का?" पुस्तक आहे माझ्याकडे, शिवण उसवलंय, मधली पानं सुटी झालीत. रविवारी दादरला उतर म्हटलं. छबिलदासच्या गल्लीतून चालत जाऊ, शाळा दाखवतो.

लगेच उत्तर, "आणि वडा?"

मिळेल. पण नंतर.