व्हे प्रोटीनच्या डब्याचं फॅट-एसएनएफ

गेली १७ वर्षं मी दूध संघाच्या लॅबमध्ये काम करते. टँकर आला की नमुना घ्यायचा, फॅट काढायची, एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) काढायचं, युरिया आहे का, साखर आहे का, न्यूट्रलायझर (आंबट होत आलेलं दूध झाकायला घातलेला सोडा) आहे का ते बघायचं. त्यामुळे गेल्या महिन्यात ताई भाच्याला घेऊन आली आणि तिनं पिशवीतून एक भला मोठा काळा डबा काढून माझ्यापुढे ठेवला, तेव्हा तिला वाटलं हे माझंच काम. "बघ गं जरा, चांगलं आहे का हे? पोरगं म्हणतंय घ्यायलाच लागतं."

भाचा १९ वर्षांचा. पोलीस भरतीची तयारी करतोय. पहाटे मैदानावर १६०० मीटर, मग १०० मीटर, मग गोळा, संध्याकाळी जिम. वजन ५८ किलो. जिममधल्या ट्रेनरनं सांगितलं, गोळा लांब जायचा तर अंगात ताकद पाहिजे, ताकद पाहिजे तर प्रोटीन पाहिजे, आणि प्रोटीन पाहिजे तर हा डबा घे. ३ किलोचा डबा, २,४०० रुपये. ताई शिवणकाम करते. २,४०० म्हणजे तिचे १२ ब्लाऊज.

मी डबा फिरवला. पुढे मोठ्या अक्षरांत व्हे, म्हणजे दुधाच्या निवळीतलं प्रोटीन, खाली बारीक अक्षरांत गेनर, म्हणजे वजन वाढवायची पावडर. मागच्या तक्त्यात लिहिलं होतं, १०० ग्रॅम पावडरीत प्रोटीन १५ ग्रॅम. घटकांच्या यादीत पहिलं नाव माल्टोडेक्स्ट्रिन. ही यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहावी लागते, म्हणजे जे सगळ्यात जास्त ते सगळ्यात आधी. माल्टोडेक्स्ट्रिन म्हणजे स्टार्चपासून केलेली पिठूळ पावडर, पोटात गेली की साखरेसारखीच वागते. व्हे यादीत चौथं होतं.

मी भाच्याला विचारलं, "आपल्या गोठ्यातलं दूध डेअरीत घालतोस, तेव्हा भाव कशावर मिळतो?" तो म्हणाला, "फॅट-एसएनएफवर." बरोबर. गाईच्या दुधाला फॅट ३.५ आणि एसएनएफ ८.५ लागलं तर पूर्ण भाव, कमी लागलं की कपात. आपल्याकडे कधी शाळेत न गेलेली म्हातारीसुद्धा सेंटरवर चरवी ठेवली की पहिलं विचारते, आज फॅट किती लागली? दुधाला पाणी लावून कॅन भरला तर लिटर वाढतात, पैसे वाढत नाहीत, हे आपल्या अंगात मुरलेलं आहे. मग तेच आपण पावडर घेताना किलोचा भाव का विचारतो? ३ किलोच्या त्या डब्यात सगळं मिळून प्रोटीन किती? १५ टक्के, म्हणजे ४५० ग्रॅम. २,४०० भागिले ४५०. एक ग्रॅम प्रोटीन ५ रुपये ३३ पैशांना पडलं.

मग मी आणि भाचा मोबाईलवर आणि दोन दुकानांत जाऊन आणखी तीन डबे बघून आलो. नावं मुद्दाम लिहीत नाही, कारण भाव रोज हलतात आणि मला कुणाची जाहिरात करायची नाही. पहिला १ किलो, २,७०० रुपये, ३६ ग्रॅमच्या स्कूपमध्ये २५ ग्रॅम प्रोटीन. दुसरा बिनचवीचा कॉन्सन्ट्रेट (कमी गाळलेलं व्हे), १ किलो ३,००० रुपये, ३० ग्रॅममध्ये २४. तिसरा आयसोलेट (जास्त गाळलेलं व्हे), १ किलो ३,९०० रुपये, ३० ग्रॅममध्ये २७. भाच्यानं लगेच पहिल्यावर बोट ठेवलं, तो स्वस्त आणि स्कूपमध्ये प्रोटीनही २४ पेक्षा जास्त. मी त्यालाच वहीत मांडायला लावलं. पहिल्या डब्यात सगळं मिळून ६९४ ग्रॅम प्रोटीन, ग्रॅमला ३ रुपये ८९ पैसे. दुसऱ्यात ८०० ग्रॅम, ३ रुपये ७५ पैसे. तिसऱ्यात ९०० ग्रॅम, ४ रुपये ३३ पैसे. ३०० रुपयांनी महाग दिसणारा डबा ग्रॅमला स्वस्त निघाला, आणि सगळ्यात महाग पडला तो ट्रेनरचा "स्वस्तातला" ३ किलोचा. स्कूपचा आकार प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो, त्यामुळे स्कूपमध्ये किती याला काही अर्थ नाही. १०० ग्रॅममध्ये किती, तेवढंच बघायचं.

आता हे व्हे म्हणजे काय, ते दूधवाल्यांच्या भाषेत सांगते, कारण भाच्यासकट बऱ्याच पोरांना वाटतं की हे काहीतरी औषध आहे. घरी दूध फाडून पनीर केलं की खाली जे हिरवट-पिवळं पाणी उरतं ना, ती निवळी, तेच व्हे. दुधातल्या प्रोटीनपैकी साधारण ८० टक्के केसीन, ते पनीरमध्ये, चीजमध्ये जातं. उरलेलं २० टक्के चीजच्या निवळीत राहतं. एक लिटर निवळीत जेमतेम ६ ग्रॅम. ती बारीक छिद्रांच्या पडद्यांतून गाळायची, त्यातलं पाणी, लॅक्टोज (दुधातली साखर), क्षार काढायचे आणि उरलेलं गरम हवेत फवारून वाळवायचं. ८० टक्क्यांचा एक किलो कॉन्सन्ट्रेट करायला सव्वाशे-दीडशे लिटर निवळी लागते. अजून गाळून ९० टक्क्यांच्या वर नेलं की ते आयसोलेट. आपल्या मंचरला पराग मिल्क फूड्सचा चीजचा कारखाना आहे, तिथल्या निवळीपासून अवतार नावानं व्हे पावडर निघते. अमूलचीही आहे. म्हणजे ही वस्तू परदेशातून आली तरच खरी, असं काही नाही. आणि शंभराहून जास्त लिटर आटवून एक किलो होणारी वस्तू कुणी ७००-८०० रुपये किलोनं झिपलॉकच्या पिशवीत सुटी देत असेल, "कंपनीचा रॉ माल आहे" म्हणून, तर त्यात व्हे किती आहे, याचा संशय घ्यायलाच हवा. 

आयसोलेट घ्यायचं की कॉन्सन्ट्रेट? दूध पचतं त्यानं आयसोलेटला जास्तीचे पैसे घालू नयेत. कॉन्सन्ट्रेटमध्ये थोडं लॅक्टोज राहतं, दूध प्यायल्यावर ज्यांचं पोट फुगतं त्यांना त्रास होतो, त्यांनी आयसोलेट बघावं. एवढाच फरक.

पण हा सगळा हिशोब लेबल खरं आहे असं धरून झाला. माझा जीव अडकतो तो इथे.

दुधात युरिया का घालतात, ते आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. पाणी घातलं की एसएनएफ पडतं, ते उचलायला युरिया. आम्ही नमुन्यात रसायन टाकतो, पिवळाजर्द रंग आला की टँकर परत. पावडरीत नेमका हाच खेळ दुसऱ्या नावानं चालतो. प्रोटीन मोजायची जुनी आणि आजही सगळीकडे वापरात असलेली पद्धत केल्डाल. योहान केल्डाल यांनी ती १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग ब्रुअरीच्या प्रयोगशाळेत शोधली. ती प्रोटीन थेट मोजत नाही, नायट्रोजन मोजते, मग दुधाच्या पदार्थाला ६.३८ ने गुणून प्रोटीन किती ते काढते. म्हणजे नायट्रोजन कुठूनही आणा, आकडा वाढतो. अमिनो आम्लं म्हणजे प्रोटीनच्या सुट्या विटा; त्यातलं ग्लायसीन नावाचं स्वस्त अमिनो आम्ल १ ग्रॅम घातलं, तर या हिशोबात ते जवळजवळ १.२ ग्रॅम प्रोटीन दिसतं. टॉरिन, क्रिएटिन यांनीही आकडा चढतो. याला त्या धंद्यात अमिनो स्पायकिंग म्हणतात. २००८ मध्ये चीनमध्ये बाळांच्या दूध पावडरीत मेलामाइन नावाचं रसायन घातलं होतं, ते ह्याच कारणासाठी, पाणी घातलेल्या दुधात नायट्रोजन दाखवायला. ६ बाळं गेली, ३ लाखांच्या आसपास आजारी पडली. लॅबमध्ये काम करणाऱ्या कुणालाही ते वर्ष विसरता येत नाही.

म्हणून "मावशी, तुमच्या लॅबला तपासून दे ना" असं भाचा म्हणाला, तेव्हा मी नाही म्हटलं. एक तर ते यंत्र संघाच्या कामासाठी आहे. दुसरं, केल्डाल लावून आलेला आकडा मला खरं सांगेलच असं नाही. त्यासाठी अमिनो आम्लं वेगवेगळी मोजावी लागतात. घरबसल्या आपल्याला करता येण्यासारखं एवढंच आहे, की लेबलवर अमिनो आम्लांचा तक्ता आहे का ते बघायचं. खऱ्या व्हेमध्ये २५ ग्रॅम प्रोटीनमागे ल्युसीन हे अमिनो आम्ल अडीच ग्रॅमच्या आसपास किंवा थोडं जास्त असतं. तक्ताच नसेल, किंवा घटकांच्या यादीत ग्लायसीन, टॉरिन वेगळं लिहिलेलं असेल, किंवा "खास मिश्रण" म्हणून सगळं एका नावाखाली झाकलेलं असेल, तर मी तो डबा घेणार नाही. काही कंपन्या आता डब्यावर क्यूआर कोड देतात आणि त्या बॅचचा लॅब रिपोर्ट दाखवतात. तो उघडा, आणि रिपोर्टवरचा बॅच नंबर आपल्या डब्यावरच्या नंबराशी जुळतो का तेवढं नक्की बघा. दोन वर्षांपूर्वीच्या एका चांगल्या बॅचचा रिपोर्ट सगळ्यांना दाखवला जात असेल, तर त्याचा उपयोग शून्य.

हे मी उगाच घाबरवायला लिहीत नाही. २०२४ मध्ये केरळमधल्या डॉक्टरांनी आणि संशोधकांनी भारतात खपणारी ३६ प्रोटीन सप्लिमेंट तपासून निष्कर्ष 'मेडिसिन' या नियतकालिकात छापले. त्यातल्या २५ मध्ये लेबलवरचं प्रोटीन आणि आतलं प्रोटीन जुळलं नाही. १४ टक्क्यांत बुरशीचं विष, अफलाटॉक्सिन सापडलं. ८ टक्क्यांत कीटकनाशकांचे अंश. दुधात अफलाटॉक्सिन म्हटलं की आमच्याकडे धावपळ होते. इथे ते डब्यात बसून पोरांच्या शेकरमध्ये जातंय. एफएसएसएआयचा (अन्न सुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेचा) १४ आकडी परवाना नंबर डब्यावर असलाच पाहिजे, तो नसेल तर डबा परत ठेवा, पण तो नंबर म्हणजे धंदा करायचा परवाना. तुमच्या हातातली बॅच कुणी तपासली, असा त्याचा अर्थ होत नाही.

शेवटी खरा प्रश्न. भाच्याला हे लागतं का?

आम्ही रात्री जेवून त्याचं दिवसभराचं खाणं मांडलं. ज्वारीच्या चार भाकरी, साधारण २४ ग्रॅम. दोन वाट्या आमटी, ११. मटकीची उसळ, ८. अर्धा लिटर दूध, १६. मूठभर शेंगदाणे, ७ ते ८. झाले ६६-६७. बसून काम करणाऱ्या माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम पुरतं असं आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) सांगतं, म्हणजे याला ४८. पण दोन वेळा घाम गाळणाऱ्या पोराला किलोमागे १.६ पर्यंत उपयोग होतो असं व्यायामावरचा अभ्यास सांगतो, म्हणजे ९३. दोन अंडी उकडून घेतली की आणखी १२. राहिले १४-१५ ग्रॅम. २,४०० रुपयांचा डबा ज्याच्यासाठी आणला, ती तूट एवढीच. वर आणखी दोन अंडी खाल्ली की जवळजवळ भरली, आणि अंड्यातलं प्रोटीन ७ रुपयांच्या भावानं ग्रॅमला सव्वा रुपयाच्या आत पडतं. सोयाबीनच्या वड्या तर १०० ग्रॅमला ५२ ग्रॅम, ३० पैशांना एक ग्रॅम. ट्रेनर हे कधी सांगत नाही, कारण अंड्यावर त्याला कमिशन नाही. मला त्याचा राग येतो. हे पोर त्याच्या शब्दावर आईकडून पैसे घेऊन आलं होतं.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं मे २०२४ मध्ये ज्या आहार सूचना काढल्या, त्यात शरीर कमवायला प्रोटीन पावडरी घेऊ नका, जास्त काळ जास्त मात्रेत घेतल्यानं हाडांना आणि मूत्रपिंडाला धोका होऊ शकतो, असं लिहिलं आहे. किडनीचा त्रास असलेल्यांनी तर डॉक्टरांशिवाय हात लावू नये. पण निरोगी पोरानं दिवसाला अर्धा-पाऊण स्कूप, जेवण सांभाळून घेतलं, तर त्याला मी पाप समजत नाही. ते दुधातलंच आहे.

आणि ताईच्या घरी एक अडचण खरी आहे. सोमवार, गुरुवार, शनिवार अंडं चालत नाही. सासूबाईंचं सोवळं आहे, त्यावर वाद घालून घर पेटवण्यात अर्थ नाही. त्या तीन दिवसांसाठी आम्ही तो बिनचवीचा कॉन्सन्ट्रेट घेतला. अमिनो तक्ता होता, बॅच जुळली, सील शाबूत होतं. वाण्याच्या डिजिटल काट्यावर एक सपाट स्कूप मोजला, लेबलवर ३० लिहिलंय, भरला २८. अंडी गेली की तूट २७ ची होते, पण त्यातले १५-१६ पावडरीतून आणि बाकीचे उसळीत वड्या घालून काढायचे असं ठरलं. २० ग्रॅम पावडर, आठवड्यातून तीन वेळा, म्हणजे ६०. एक किलोचा डबा चार महिने जवळजवळ पुरतो. ट्रेनरच्या हिशोबानं ३ किलोचा डबा महिनाभरात संपणार होता.

गेनरचा उरलेला अर्धा डबा ट्रेनर परत घेत नाही. तो घरात पडून आहे.

तुमच्या घरात भरतीची तयारी करणारं, जिमला जाणारं कुणी पोर असेल, तर डब्याच्या मागच्या बाजूचा स्पष्ट फोटो खाली कमेंटमध्ये टाका. पोषणाचा तक्ता आणि घटकांची यादी, दोन्ही दिसली पाहिजेत, आणि किती रुपयांना घेतला तेही लिहा. माझी ड्युटी दुपारी दोनला संपते. त्यानंतर बसून एकेकाचा ग्रॅमचा भाव काढून देते.