प्रार्थनेच्या नावाखाली
जिभेच्या वापराबद्दलच्या तुमच्या लेखात बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचा तिसरा अध्याय घेतलात, जीभ म्हणजे रान पेटवणारी ठिणगी, ते पटलंच. पण आपल्याकडे ही ठिणगी प्रार्थनेच्या विनंतीत लपून येते, त्यावरही लिहायला हवं होतं. चर्चमधली उपासना संपली की चपला घालता घालता ‘फक्त प्रार्थनेसाठी सांगते हं’ अशी सुरुवात होते आणि चहा येईपर्यंत कुणाच्या तरी मुलीचं मोडलेलं लग्न अख्ख्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या सगळ्या सभासदांत, पोचतं. वर ‘कुणाला बोलू नका’ आहेच! आणि प्रेषित पौल कलस्सै इथल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या पत्रात मिठाने रुचकर केलेलं बोला म्हणतो (४:५-६), ते स्वतः बंदिवासात असताना आणि मंडळीबाहेरच्यांशी कसं वागावं हे सांगताना. आम्ही बाहेर गोडच असतो हो, चर्चचा कारभार पाहणाऱ्या पास्टरेट कमिटीच्या सभेत मात्र पाळकसाहेबांवर (आमच्या धर्मगुरूंवर) असे तुटून पडतो की विचारू नका.